मिंदूच्या आईचं रान

मिंदूच्या आईएवढी खुळी बाई आमच्या लांबघरात, या एका छपराखालच्या अख्ख्या गावात, दुसरी झाली नाही, आणि तिच्याएवढी कष्टाळूही. तिच्या बापानं टेकडीमागचं रान पहिल्यांदा तोडलं, जाळलं, दोन पिकं घेतली आणि जमीन विसाव्याला सोडली. आमच्यात पहिली कुऱ्हाड ज्याची, जमीन त्याच्या वंशाची, मग मुलगा असो की मुलगी. नदीकाठच्या दलदलीतल्या तुकड्यावर ती पोट भरायची आणि टेकडीमागचं राखून ठेवायची. "हे माझ्या मिंदूचं," म्हणायची. "रान जेवढं जुनं, तेवढी राख जाड. भात कापून कापून पोरीचे हात दुखतील, बघाल!"

शेत सोडलं की आधी गवत माजतं, मग जांभळ्या फुलांची झुडपं, मग छत्रीएवढ्या पानांचा बनुआ भराभर वर जातो. त्याच्या सावलीत पाखरांनी टाकलेल्या बियांची जड लाकडाची झाडं हळूहळू डोकं काढतात. बनुआ आपोआप मरायचा तर माणसाचं अर्धं आयुष्य जातं. एवढी वाट बघेल ती मिंदूची आई कसली! दर मोसमाला कोयता घेऊन जायची, बनुआ कापायची, वेली सोडवायची, जड झाडांना उजेड द्यायची.

मी एकदा म्हटलं, "मावशी, रान आपलं आपण वाढतं गं. त्याला नातवंडासारखं न्हाऊमाखू काय घालतेस?"

"काल सासरी आलीस आणि मला रान शिकवतेस होय!" म्हणाली.

मिंदू सिबू शहरात कारखान्यात कामाला होती. नवऱ्यानं टाकलं, तेव्हा तान्हं पोर घेऊन परत आली. आईनं लगेच रान तोडायला कोयत्याला धार लावली. तेवढ्यात तिचा पुतण्या जारौ म्होरक्यापुढं जाऊन बसला. म्हणाला, "टेकडीमागं कुऱ्हाड न लागलेलं रान आहे. ते मी तोडणार."

"मेल्या, ते माझ्या बापाचं आहे!"

म्होरक्या एंतिली सगळ्यांना घेऊन बघायला गेला. वर बघितलं तर आभाळ दिसेना, एवढी झाडं. जारौ हसला. "सोडलेल्या शेतात बनुआ असतो ना? इथं एक तरी दाखवा."

"मी कापले रे! माझ्या हातानं कापले!"

"ऐका! बनुआ कोणी कापतं का? उद्या म्हणशील, चंद्रही मीच घासते."

लोक खो खो हसले. शेवटचा बनुआ कापूनही वर्षं लोटली होती, त्याचे खुंट कुजून माती झाले होते. बापाच्या वेळचे खुंट तर वाळवीनं कधीच खाल्ले होते. तिनं एंतिलीचा हात धरला. "दादा, तू माझ्याबरोबर इथं भातावरची पाखरं हाकलायचास की रे!"

एंतिली नदीकडं बघत म्हणाला, "लहानपणचं काय आठवतंय आता."

आठवत होतं, चांगलं आठवत होतं! पण जारौचे चार मुलगे रेड्यासारखे धट्टेकट्टे. ते सावडीला, एकमेकांच्या शेतात राबायला, आले नाहीत तर झाडं पाडायची कोणी? म्हातारे सगळे मूग गिळून बसले. मी ओरडले, तर मला म्हणाले, "तू मागाहून आलेली, तुला काय ठाऊक?" थू त्यांच्यावर!

जारौनं तोडलं, जाळलं. पेरणीला सगळं लांबघर गेलं. मिंदूच्या आईलाही जावं लागलं. हा वाद निघायच्या आधी जारौच्या मुलांनी तिच्या दलदलीचा बांध घालून दिला होता, ती सावड मायलेकींना फेडायची होती. पुरुष काठीनं खळगे पाडत पुढं, बायका बी टाकत मागं. राखेत पाय घोट्यापर्यंत रुतत होते.

जारौ थांबला. मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "काकू, सोडलेल्या शेताची राख एवढी जाड असते होय? सांग की सगळ्यांना, जमीन कोणाची?"

तिनं चारी मुलांकडं बघितलं. बांध दर साली फुटतो.

"तुझीच रे बाबा," ती म्हणाली.

मिंदूनं टोपली आपटली. "मग जन्मभर मला कशाला सांगत होतीस, तुझी म्हणून?" पोर काखोटीला मारलं आणि तडक नदीच्या धक्क्यावर गेली. सिबूची दुपारची होडी तिला मिळाली.

म्हातारीनं मान वर केली नाही. आपली ओळ संपवली. मग राखेत सांडलेलं बी वेचून मिंदूच्या टोपलीत भरलं आणि तिची ओळही पुरी केली, कारण सावड दोघींची ठरली होती.