ओंजळीनं पाणी पिणारी नायिका

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळ होता. नव्या कचेऱ्यांसाठी माणसं येत होती, खोल्या मिळत नव्हत्या. मी कंधारकडच्या खेड्यातून समाजशास्त्रात एम.ए. करायला आले. खोली मिळाली ती आडनावावर. आमचं आडनाव मराठ्यांत आहे, आम्हा बौद्धांतही आहे. घरमालकीण काकूंनी ते ऐकून मान डोलावली, पुढं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. अंगणात त्यांचा हौद होता, टँकर त्यातच रिकामा व्हायचा. खोली गेली असती तर पाणी, शिक्षण सगळंच गेलं असतं. गावी लग्न ठरवायला मंडळी टपलेलीच होती.

कॉलेजनं पडद्यावर एक सिनेमा दाखवला. त्यात नायिका आमच्यातली होती. त्यावर प्रत्येकानं वर्गात बोलायचं होतं. सर म्हणाले, "गोष्ट सांगू नका. कोण कुठं उभं राहतं, कोण कुणाला कसं वाढतं, ते सांगा. समाज हातापायांत मुरलेला असतो."

काकूंची मुलगी माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर.

मी आधी रंगाचं बोलले. परदेशात गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची कामं करत, ते सरांनी शिकवलं होतं. इथंही गोऱ्या नटीला सावळं रंगवलं होतं. कानामागं रंग पोचला नव्हता.

"म्हणजे गुन्हेगार मेकअपवाला!" मागून एकजण ओरडला. वर्ग हसला.

मग मी सिनेमातल्या पाण्याच्या प्रसंगावर आले. मालकीण वरून पाणी ओतते, नायिका ओंजळीनं पिते आणि "पुरे" म्हणते. मी म्हटलं, हे खोटं आहे. ओंजळीला तोंड लावलेल्या बाईला बोलता येत नाही. ती नुसती मान हलवते. नटीच्या अंगाला ती सवयच नाही.

काकूंच्या मुलीनं सहज विचारलं, "तुला कसं ठाऊक गं? पुस्तकात हाय का?"

हो म्हणून सुटता आलं असतं.

"पुस्तकात नाही. माझी आई असंच पिते. आमच्या गावात आम्हाला असंच पाणी देतात."

कुणी हसलं नाही. तास सुटताच काकूंची मुलगी माझ्याआधी घराकडं निघाली.

घरी जाताना ट्रंक रस्त्यावर पडलेली असेल, असंच वाटत होतं. काकू फाटकातच उभ्या होत्या.

"हौदातलं पाणी रोज तूच काढत होतीस ना?"

"हो, काकू."

"सकाळी खोली मोकळी कर. हौद धुवायचा हाय."

कालच टँकर आला होता. हौद भरलेला होता.

सकाळी मी ट्रंक घेऊन बाहेर पडले तेव्हा त्यांचा गडी बादल्यांनी पाणी नालीत ओतत होता. गल्लीतल्या बाया घागरी, पातेली घेऊन धावल्या आणि वरच्यावर पाणी धरू लागल्या.

"अगं, बाटलेलं हाय ते!" काकू ओरडल्या.

"असू द्या की, बाई. इकडं वता," एकजण म्हणाली आणि घागर पुढं केली.

मी थांबले नाही. पुढच्या दारात आधी जात सांगायची, मग भाडं विचारायचं, असं ठरवलं होतं. पुढच्या गल्लीतल्या पहिल्याच दाराची कडी वाजवली.