सावळ घाटातलं डावं वळण

"मॅडम, घाटात गिअर कधी बदलायचा माहिती आहे ना?" आमच्या वर्क्स मॅनेजरांनी विचारलं. गाडी तिसऱ्यांदा वर्कशॉपला आली होती, तेव्हा चूक गिऱ्हाइकाची असणं आता गरजेचंच होतं.

मॅडम घाटापलीकडच्या पेठ गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. राहायला नाशकात इंदिरानगरला, त्यामुळे घाट रोजचाच. त्या शांतपणे म्हणाल्या, "काल गाडीत अडलेली बाई होती. ॲम्ब्युलन्स बंद, म्हणून मीच नाशिकला आणत होते. सावळ घाटात ॲक्सिलरेटर मेला. तिथून बैलगाडीच्या वेगाने आले. बाई आणि बाळ वाचले, ते त्यांच्या नशिबाने. गिअर मी बदलला होता."

साहेबांनी चहा मागवला.

ॲक्सिलरेटरची केबल जाऊन वायर आलेल्या गाड्या तेव्हा नाशकात नव्या होत्या. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. पाय किती दाबलाय हे दोघेही इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, सांगतात. दोघांची साक्ष जुळली नाही तर ईसीएम कोणावरच विश्वास ठेवत नाही. गाडी लिम्प मोडला जाते. मग कितीही दाबा, ती रांगतेच.

स्कॅनरवर पेडल सेन्सरच्या बिघाडाचा कोड होता. पहिल्या खेपेला आम्ही तो पुसला. याला रिपेअर म्हणायची पद्धत होती. दुसऱ्या खेपेला पेडल बदललं. आता साहेबांना ईसीएमच बदलायचा होता. मोठा पार्ट बदलला की मोठं काम झाल्यासारखं वाटतं.

मी विचारलं, "मॅडम, हे नेमकं कधी होतं?"

"डाव्या वळणावर. तिन्ही वेळा. मागेही सांगितलं होतं."

मी जुनी जॉबकार्डं काढली. दोन्हीवर लिहिलं होतं, 'पिकअप कमी.' मी म्हणालो, गाडी घाटातच नेऊन बघतो.

"घाटात हिंडायला पगार देतो का तुला?" साहेब म्हणाले. पण मॅडमनी किल्ली उचलली होती. "मी चालवते. तुम्ही स्क्रीन बघा."

मांडीवर स्कॅनर घेऊन मी शेजारी बसलो. चौथ्या डाव्या वळणावर एका सेन्सरचा आकडा शून्यावर आला. दुसरा जागेवरच. गाडी रांगायला लागली.

कडेला थांबून मी पेडलच्या वर डोकं घातलं. सेंट्रल लॉकचा डबा प्लास्टिकच्या एकाच टायवर लोंबकळत होता, आणि तो टाय पेडलच्या वायरींना बांधला होता. डाव्या वळणावर डबा उजवीकडे झुलायचा आणि वायर ओढायचा. वरून प्लास्टिक शाबूत, आत तांबं तुटलेलं.

"हे कोणी बसवलं?" मॅडमनी विचारलं.

डब्यावर आमच्याच शोरूमचा स्टिकर होता. दिवाळी ऑफरमधली भेट. बाहेरच्या मेकॅनिकचं नाव जिभेवर आलं होतं. पण त्या अडलेल्या बाईचं ऐकून बसलो होतो.

"आम्हीच," मी म्हणालो.

मॅडमनी रांगती गाडी परत नाशिककडे वळवली.

वायर जोडली, डबा बोल्टने आवळला, घाट चार वेळा चढून-उतरून पाहिला. कोड आला नाही. साहेब म्हणाले, "जॉबकार्डवर सॉफ्टवेअर अपडेट लिही." मी झालं ते लिहिलं आणि त्याखाली मॅडमची सही घेतली.

पुढच्याच आठवड्यात माझी बदली ॲक्सेसरीज विभागात झाली. तिथे शोधलं तर आणखी सात गाड्यांत डबे तसेच लोंबकळत होते. आम्ही सगळ्यांना बोलावलं. पत्रावर विषय होता, 'मोफत सुरक्षा तपासणी.' दोघा गिऱ्हाइकांनी तर पेढे आणले.

कोड फक्त तक्रार कुठून आली ते सांगतो. बाकीचं गाडी चालवणाऱ्याला विचारायचं असतं, आणि त्याने सांगितलेलं जॉबकार्डवर जसंच्या तसं लिहायचं असतं. या दुसऱ्या कामासाठी अजून मशीन निघालेलं नाही.