दोन सीटांची गाडी

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगाव-धुळे एसटीत एक अनोळखी माणूस शेजारी बसला आणि विलायती मासिक काढून चक्क गाडी निवडू लागला. गाडी बुटकी, लाल, मोजून दोन सीटांची; इंजिन सीटच्या पाठीशी.

"घेताय की काय?" मी विचारलं.

"लेवानी नही, भाऊ. पण निवडाले काय जास?"

घ्यायची नव्हती, पण निवडत होता कसून. चित्रावर बोट ठेवायचा, खिडकीबाहेरचा रस्ता बघायचा, मग ठरवायचा. लाल नको, उन्हात रंग उडेल. काळं चामडं वैशाखात चटके देईल. कडक स्प्रिंगा शर्यतीला ठीक, आपल्या रस्त्याला मऊच बऱ्या. एसी हवाच, पाठीशी इंजिन तापणार. मलाही चेव चढला.

"आणि शेजारच्या सीटवर कोण?"

त्याचं बोट थांबलं. पारोळा येईपर्यंत तो फाट्याफाट्यावर उभी माणसं बघत राहिला. तिथे उतरून माझ्या खिडकीशी आला.

"भाऊ, गावना फाटावर बठ्ठा लोके उभा ऱ्हातस. कोणी दवाखानाले, कोणी बजारले. एकले बसाडं, ते बाकीनास्ले काय सांगू? ऱ्हाऊ द्या ती गाडी."

मासिक माझ्या हातात देऊन तो गेला. न घेतलेली गाडी परत करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.