कापलेला एक टक्का

करंजाड्यातल्या कुठल्याही अर्धवट उभ्या इमारतीखाली जाऊन 'प्लास्टरवाला हरेश घरत कुठे भेटेल' असं विचारा. पत्ता सांगणारा माणूस दोन गोष्टी न विचारता सांगतो. एक, हरेशच्या तोंडाला लगाम नाही. दोन, त्याच्याकडे शनिवारची खर्ची शनिवारीच मिळते. खर्ची म्हणजे आठवड्याला हातात पडणारी उचल. मापून केलेल्या कामाचं बिल मागाहून बँकेत येतं, पण घरचा गॅस आणि तांदूळ चालतात ते खर्चीवर. बाकीचे ठेकेदार शनिवारी फोन बंद ठेवतात, आणि हा बाबा संध्याकाळी पाचला पाकिटं घेऊन स्वतः उभा असतो.

त्याचा बाप रामू घरत मिठागरात टोपल्या वाहायचा. मुकादम शंभर टोपल्यांच्या नव्वदच मोजायचा, आणि रामूला लिहिता-वाचता येत नसल्यामुळे त्याला गप्प घरी यावं लागायचं. पुढे मिठागर गेलं, शेतही गेलं, त्या जमिनीवर शहर आलं आणि हरेशनं त्याच शहराच्या भिंतींना प्लास्टर करायचा धंदा धरला. पण त्या दहा टोपल्यांचं दुखणं घरातून गेलं नाही. 'मी कुनाचा रुपया खाल्ला नाय' हे वाक्य तो इतक्यांदा म्हणायचा, की बायको दिपिका वैतागून म्हणायची, "आता ते दारावरच्या पाटीवर लिवून टाका." हसण्यावारी न्यायची ती, पण नवऱ्याचा सगळा अभिमान त्या एका वाक्यात आहे हे तिला ठाऊक होतं.

आणि एका सोमवारी, सकाळच्या चहाला, काशिराम कोळ्यानं नेमकं तिथेच बोट ठेवलं.

काशिराम उरणच्या खाडीकाठचा. खाडीत मासळी उरली नाही तेव्हा तिशीत त्यानं थापी हातात घेतली, आणि हात असा बसला की त्याच्या भिंतीला ओळंबा लावायला आलेला इंजिनिअर काही न बोलता परत जायचा. आता वय छप्पन्न, हरेशपेक्षा बारा वर्षांनी जास्त. कंपनी हरेशला काम द्यायची, हरेश त्यातलं काही काशिरामला चौरस फुटाच्या भावानं उक्तं द्यायचा, आणि काशिराम आपल्या सहा माणसांना घेऊन ते उरकायचा. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

"शेठ, एक इचारायचं होतं," चहाचा कप खाली ठेवून काशिराम म्हणाला. "करंजाड्याला रूम घेतोय ना मी, तं बँकवाला बोलला, टॅक्स कापतान त्याचा कागद आना. मोनालीनं माजं टॅक्सचं खातं उघडलं मोबाइलवर. तुमी दर बिलाला एक टक्का कापताव, पन खात्यान कायच नाय. सगला कोरा हाय."

मोनाली ही त्याची धाकटी. खारघरच्या कॉलेजात कॉमर्सला.

काशिरामनं अगदी साधेपणानं विचारलं होतं. पण सहा माणसं कप तोंडाशी धरून ऐकत होती, आणि हरेशला ते सहा कपच दिसले. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"म्हंजे मी खाल्लं?" तो ओरडला. एरवी काशिरामला 'दादा' आणि 'तुमी' म्हणणारा माणूस एका दमात 'तू'वर आला. "पोरगी दोन बुकं शिकली नाय तं मालकाचा हिशोब काढाया निगाली? आनि तू आयकतोस तिचं? चोर पकडाया धाडलं काय बापाला? उद्या चल पनवेलला! माजं खातं तुज्या डोल्यांसमोर उघडतो!"

 काशिरामनं कप विसळला, थापी उचलली आणि तो दुसऱ्या मजल्यावर गेला.

हरेशला आपण खरे आहोत याची तिळमात्र शंका नव्हती, हे इथेच सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही त्याच्यावर अन्याय कराल. सहा वर्षांपूर्वी कंपनीनं त्याच्या पहिल्याच बिलातून एक टक्का कापला तेव्हा त्यानं साइटवरच्या अकाउंटंटला विचारलं होतं. "टीडीएस आहे, सरकारला जातो," एवढंच उत्तर मिळालं. हरेशनं साधा विचार केला. कंपनीनं अख्ख्या बिलावर एक टक्का कापला, त्या बिलात काशिरामचंही काम आहे, म्हणजे काशिरामच्या वाट्याचा एक टक्का काशिरामनं सोसायला हवा. साइटवरची रीतच आहे ती. वरून हेल्मेटचे कापले की खाली हेल्मेटचे कापायचे, वरून पाण्याचे कापले की खाली पाण्याचे. त्यानं डायरीत दर बिलापुढे 'टीडीएस १ टक्का' लिहिलं आणि रक्कम वळती केली. पैसे सरकारात पोचलेत आणि काशिरामच्या नावावर जमा आहेत, अशी त्याची पक्की समजूत होती. विचारायला कुठे गेला नाही, कारण शंकाच नव्हती.

मंगळवारी अकरा वाजता दोघं पनवेलच्या बाजारपेठेत अनुया कर्णिकांच्या ऑफिसात शिरले. मोटारसायकलवर काशिराम मागे बसून आला होता. हरेशचे जुने कर सल्लागार यंदा निवृत्त झाले होते आणि त्यांची गिऱ्हाइकं अनुयाबाईंकडे आली होती. बाई कामाच्या, कमी बोलणाऱ्या.

"मॅडम, माझं खातं उघडा," हरेश खुर्चीत बसायच्या आत म्हणाला. "आणि ह्यांना दाखवा. आत्ता, ह्यांच्यासमोर."

पासवर्ड चुकला. दुसरा टाकला, तोही चुकला. मग आधारवरून ओटीपी मागवला. तो काही येईना. हरेशनं मोबाइल हातात घट्ट धरला होता. शर्टाची कॉलर घामानं ओली झाली होती. समोर भिंतीला पाठ टेकून काशिराम शांत बसला होता, आणि त्या शांतपणाचाच हरेशला राग येत होता. तिसऱ्या खेपेला ओटीपी आला. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं, मग खातं उघडलं.

"हे बघा," अनुयाबाईंनी स्क्रीन फिरवला. "हा तुमचा सव्वीस-एएस. तुमच्या नावावर कुणी किती कर कापून भरला, ते यात दिसतं. कंपनीनं कापलेलं सगळं जमा आहे. तारखांसकट."

हरेशनं असा काही श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. "बघितलंस? जमा हाय! मी बोललो व्हतो!"

"पन ह्ये तुमच्या नावावर हाय शेठ," काशिराम पुढे वाकून म्हणाला. "माजं कुटं हाय?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मोनालीचा होता. आत आवाज नीट येईना म्हणून तो बाहेर जिन्यावर गेला.

"माझ्या नावात त्यांचं असणार ना मॅडम, वेगळं काढायचं राहिलं असेल," हरेश म्हणाला आणि डायरी पुढे सरकवली. "हे बघा. मी सगळं लिहून ठेवलंय."

अनुयाबाईंनी डायरीची पानं उलटली. एकदा स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा डायरीकडे.

"हरेशभाऊ, तुम्ही ह्यांच्याकडून का कापलं?"

"का म्हणजे? कंपनी माझं कापते."

"कंपनीनं कापलं ते तुमचं. तुमच्या एवढ्या उलाढालीला तुम्ही कुणाचा कर कापायचा नसतोच. आणि कापलाच, तर तो सरकारात भरावा लागतो. तुम्ही भरलात का?"

"मी कुठे भरणार? कंपनीनं भरला ना!"

 बाईंनी दुसरं पान उघडलं. "कंपनीनं भरला, बरोबर. आणि तो तुम्हाला परत मिळाला. दरवर्षी. तुमचं करपात्र उत्पन्न मर्यादेच्या आत होतं, म्हणून सगळा रिफंड आलाय. सहा वर्षांचे मिळून दोन लाख सत्त्याण्णव हजार."

हरेशला रिफंड आठवत होते. जुने सल्लागार काका फोन करून सांगायचे, 'हरेश, जास्तीचे गेलेले आले बघ परत.' तो पेढे घेऊन जायचा. एका वर्षी फ्रिज आला, एका वर्षी ओटीवर लाद्या बसल्या. ते पैसे कशाचे, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. सरकारनं दिलं म्हणजे आपलंच असणार.

"आणि ह्यांचे कापलेले?" त्यानं विचारलं. खरं तर त्याला कळलं होतं. कुणीतरी वेगळं काही सांगावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"ते तुमच्याकडेच राहिले." बाईंनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. "अडुसष्ट हजार चारशे."

 सहा वर्षं कंपनीनं कापलेला टक्का हरेशला परत मिळत होता आणि काशिरामचा कापलेला टक्काही त्याच्याच खिशात जात होता. त्याला टोपल्या मोजणारा मुकादम आठवला आणि अंगभर शरम पसरली. निदान मुकादमाला तरी आपण काय करतो ते माहीत होतं.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "त्यांना हे समजायचं नाही. आपण सरकारची वेबसाइट बंद होती, म्हणून दिसत नाही, असं म्हटलं तर? म्हणजे पैसे मी देणारच. हळूहळू, बिलात वाढवून देईन. फक्त..."

"कागदावर जे आहे ते मी बोलेन. बाकी काय सांगायचं ते तुम्ही ठरवा," अनुयाबाई म्हणाल्या आणि डायरी मिटून त्यांनी त्याच्यासमोर ठेवली.

जिन्यावर पावलं वाजली. हरेशनं कपाळ पुसलं. दोन वाक्यांचं काम होतं. सरकारी साइट अडकते यावर कोण विश्वास ठेवणार नाही? अख्खा देश ठेवतो.

काशिराम आत आला तो हसऱ्या चेहऱ्यानं. "मोनालीला बोललो शेठ. बोललो, हरेशशेठ आपला पैसा खानार नाय, ह्ये कंपनीनंच खाल्लं आसंल. खरं ना?"

आयतंच उत्तर पुढ्यात आलं होतं. नुसती मान हलवायची, बस्स. हरेशनं मान वर केली, पण ती हलेना. समोरच्या माणसाच्या तोंडावर इतका विश्वास होता, की तो बघून हरेशला रडूच आलं असतं.

"कंपनीनं नाय खाल्लं, दादा," तो म्हणाला. "मी खाल्लं."

काशिराम आधी हसला. शेठ थट्टा करतोय असं त्याला वाटलं. मग त्यानं अनुयाबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

हरेशनं सगळं सांगितलं. अडखळत, मागेपुढे होत, पण फ्रिजसकट सांगितलं. "मना ठाव नव्हतं दादा, आईशपथ ठाव नव्हतं. अडुसष्ट हजार चारशे. आजच खात्यावर टाकतो." अनुयाबाईंनीही सांगितलं, की किती पैसे दिले त्याचं हरेशचं पत्र आणि बँकेतल्या नोंदी जोडून काशिरामचा यंदाचा रिटर्न भरता येईल आणि बँकेला तोच दाखवायचा. म्हणजे रूमचं काम अडायचं कारण नव्हतं.

काशिराम आपल्या हातांकडे बघत होता. सिमेंटनं त्याच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या.

"पैशाचं जालं," तो म्हणाला. "तुमाला ठाव नव्हतं, मी मानलं. पन काल माज्या पोरीला बोललाव, त्याचं काय? ती बरोबर व्हती, शेठ. सहा मानसांसमोर तुमी बोललाव, आनि मी खाली मान घालून वर गेलो. घरी जाऊन तिला सांगलं, शेठचा हिशोब पुन्यांदा काडायचा नाय. रात्री जेवली नाय ती."



पैसे हरेशनं तिथूनच मोबाइलवरून पाठवले. बुधवारी चहाच्या वेळी तो साइटवर उभा राहिला आणि त्या सहा जणांसमोर त्यानं सांगितलं, की चूक माझी होती, काशिरामदादाची मोनाली खरी होती, आणि मी तिला बोललो ते चुकलो.  एकानं हळूच विचारलं, "शेठ, आमचं बी काय कापलंय काय?" हरेशनं नाही म्हणून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण पटल्याचं काही दिसलं नाही. संध्याकाळी हरेश खाडीकाठी काशिरामच्या घरी गेला. मोनालीनं दार उघडलं, पाणी दिलं, "ठीक हाय काका" म्हणाली आणि आत निघून गेली. एरवी हरेश आला की ती त्याच्याशी गप्पा मारत बसायची.

शनिवारी पाच वाजता हरेश पाकिटं घेऊन आला. काशिराम सिमेंटच्या गोणीवर बसला होता. सहा वर्षांत तीनशेवर शनिवार झाले असतील, काशिरामनं त्यातलं एकही पाकीट कधी उघडलं नव्हतं. घ्यायचं, खिशात घालायचं आणि बसस्टॉपकडे चालू पडायचं. आज त्यानं पाकीट उघडलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि नोटा मोजल्या. एकदा मोजून झाल्या, पुन्हा मोजल्या. सगळी माणसं थांबून बघत होती आणि हरेश समोर उभा होता.

"बरोबर हाय," काशिराम म्हणाला.

 "मोजत जा दादा," हरेश म्हणाला. "दर खेपेला मोजून घ्या."

"आता मोजनारच, शेठ," काशिराम म्हणाला, आणि पाकीट खिशात घालून निघाला.