प्रेसच्या ठोक्याची जागा

मंडळी, आज थेरगावात पोरींच्या एका नव्या बँडने आमचं जुनं गाणं वाजवलं.

एक बेस, एक ड्रम, एक आवाज, एवढाच आमचा बँड. कारखान्यांच्या गुरुवारच्या सुट्टीला ड्रमर सलीमच्या भोसरीतल्या शेडमध्ये प्रॅक्टिस. शेजारची पत्रा ठोकणारी प्रेस मात्र ओव्हरटाइमवर. तिचा ठोका पडला की आम्ही थांबायचो. गाणं रेकॉर्ड करताना स्टुडिओतही सवयीने त्याच जागी थांबलो.

पेपरात आलं, हे लोक मधेच वाजवायचं विसरतात. पुढे त्यालाच आमची शैली म्हणाले.

आज पोरी बरोबर तिथंच थांबल्या.

"का गं थांबलात?"

"काका, तिथं थांबायचंच असतं ना?"

सलीम गेला, प्रेसही भंगारात गेली. पण त्या शांततेत मला ठोका स्पष्ट ऐकू आला राव.

तुमच्या कानात कुठलं बंद पडलेलं मशीन अजून चालू आहे?