काळी परीक्षानळी

मेघना चहासुद्धा हाताने वाफ नाकाकडे ओढून हुंगते. गरम भांड्याचं तोंड कुणाच्या अंगावर येऊ देत नाही. बाटलीचं झाकण कधी पालथं ठेवत नाही. बोलताना मात्र तिची जीभ सैल सुटते. वर्ग हसला की तिला बरं वाटतं.

परळच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती केमिस्ट्रीची प्रात्यक्षिकं घेते. त्या दिवशी अल्डिहाइड आणि कीटोन ही दोन संयुगं वेगळी ओळखायची होती. टोलेन्सचं, म्हणजे चांदीच्या क्षाराचं, द्रावण घालायचं आणि परीक्षानळी गरम पाण्यात धरायची. अल्डिहाइड असेल तर काचेवर चांदी चढते, आरसा होतो. साध्या कीटोनला काहीच होत नाही.

प्रीतीच्या नळीत काळा गाळ झाला.

"मॅम, हे काय झालं?"

मेघनाने नळी उंच धरली. "आरसा करायला सांगितला, तर पोरगी तोंड काळं करून आली!"

वर्ग खदखदला. मागून कुणीतरी विचारलं, "कुणाबरोबर गं?"

आपण काय बोललो ते मेघनाला तेव्हा कळलं. तरी तीही हसली.

मुलं गेल्यावर नळ्या विसळताना तिला काचेवर तेलकट थर दिसला. सकाळी घाईत तिनेच त्या नुसत्या नळाखाली धरून मांडल्या होत्या. मळक्या काचेवर चांदी धरत नाही, काळी होऊन खाली बसते. म्हणजे प्रीतीकडे अल्डिहाइडच होतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

मुलं प्रीतीला जिन्यात 'आरसा' म्हणून हाका मारू लागली. मग ती यायचीच बंद झाली. परीक्षा जवळ आली होती.

मेघना डिलाईल रोडला तिच्या घरी गेली. प्रीतीच्या आईने, बकुळाताईंनी, पदराने खुर्ची पुसून दिली. "मॅडम, चुकली असंल तर बोला तिला. हक्कानं बोला."

मेघनाला मान वर करवेना. "चूक माझी होती, प्रीती. सॉरी."

"बोललात वर्गात," प्रीती म्हणाली. "सॉरी घरी येऊन?"

"उद्या वर्गात सांगते. तू ये फक्त."

प्रीती आली. दाराजवळच्या बाकावर बसली. सॅक पाठीवरच होती.

मेघनाने स्वच्छ नळीत आरसा करून दाखवला. "मागच्या वेळी नळ्या नीट धुतल्या गेल्या नव्हत्या," ती म्हणाली. कुणी धुतल्या नव्हत्या, ते तोंडून आलंच नाही. "आणि मी प्रीतीला जे..."

सगळा वर्ग वळून प्रीतीकडे बघू लागला. कुणीतरी फिसकन हसलं.

मेघनाने खडू उचलला. फळ्याकडे वळून ती समीकरण लिहू लागली. बाणापर्यंत आली. पाठीमागे दाराजवळचा बाक सरकल्याचा आवाज झाला. ती वळली नाही.