जे ह्यांच्या ताटात, ते माझ्या ताटात

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा चौथीतच सुटली, पण जिभेच्या बाबतीत मी कोणाला हार गेलो नाही. आमच्या हुडकेश्वरात कुठंही लग्नकार्य असो, सावजी मटणाची चव पाहायला आचारी मलाच हाक मारत.

त्याच साली बायको विसरायला लागली. एक दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायचा रस्ताच चुकली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, वर सांगितलं, "तेल, मीठ, गोड कमी करा. पालेभाजी, डाळ, जवस खाऊ द्या. विसरणं थांबेलच असं नाही म्हणत मी, पण मेंदूला आधार होतो."

सुनेनं तिच्यासाठी वेगळा स्वयंपाक सुरू केला. ही हात लावेना. आमच्या घरची रीत अशी, की आधी माणसाचं जेवण, मग जे त्याच्या ताटात होतं तेच बाईनं वाढून घ्यायचं. बाकी बरंच विसरली, ही रीत काही विसरली नाही.

रविवारी माझं मटण खाऊन झाल्यावर हिनं रश्शावरची तेलकट, झणझणीत तर्री वाढून घेतली. सून म्हणाली, "आई, तुमची पालक-भाकर ठेवली आहे न जी."

"यायच्या ताटात रस्सा अन् मले पाला? मी बकरी आहो का वं?"

मुलगा माझ्याकडे वळला. "बाबा, तुमीच सोडून पाहा न जी तर्री."

"माह्या जिभेवर हुकूम चालवणारा अजून पैदा नाही झाला!"

मी उठलो, अंगणात जाऊन बसलो. डोकं तापलं होतं. पण खिडकीतून ही दिसत होती, तर्रीत पोळी बुडवून सावकाश जेवणारी. तेव्हा उमगलं. हिचं पथ्य डॉक्टरच्या हातात नाही, सुनेच्याही नाही. ते माझ्या ताटात आहे. आख्ख्या घरात हे काम करू शकणारा माणूस एकटा मी! मुलानं सांगितलं म्हणून नाही, माझं मीच ठरवलं. आजही कोणी विचारलं तर हेच सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्रीपोहे खायला बाहेर पडलोच नाही. सुनेला म्हटलं, "मले भाकर, पालक अन् जवसाची चटणी वाढ." हिच्यासमोर मांडी घालून बसलो, तोंड वाकडं न करता शेवटच्या घासापर्यंत जेवलो, आणि दुसरं ताट ओढून त्यात तेच सगळं माझ्या हातानं हिला वाढलं.